सिप्रियनचं मराठीतलं पाप

सिप्रियन तुस्कानोनं गोल्फ क्रूझचं बुकिंग केलं हे ऐकून सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगमधल्या आम्हा मराठी मंडळींची चांगलीच करमणूक झाली. हा माणूस पोर्ट केम्बलाच्या पोलादाच्या कारखान्यात सारा जन्म फिटर होता. सुट्टी म्हणजे वसई, यापलीकडे त्याचा प्रवास कधी गेला नव्हता. त्याची बायको डेझी, तिला साध्या फेरीबोटीतही मळमळतं. आणि हे दोघं म्हणे सिडनीहून जहाजात बसून टास्मानियाला जाणार, खडकाळ किनाऱ्यांना वळसे घालत फिरणार आणि बंदराबंदरात उतरून शंभर-सव्वाशे वर्षांच्या जुन्या मैदानांवर गोल्फ खेळणार.

"म्हातारचळ लागलाय तुझ्या नवऱ्याला," मी डेझीला तोंडावर म्हटलं. ती हसली नाही. "त्याला जायचंय," एवढंच म्हणाली.

सिप्रियनचं वर्णन त्याच्या आवाजापासूनच सुरू करायला हवं. यंत्रांच्या खडखडाटात तीस वर्षं ओरडून बोलल्यामुळे तो आवाज कुठल्या खोलीत मावायचा नाही. आमच्या गणेशोत्सवात माइक बंद पडला, आणि तो दर वर्षी पडायचाच, की सिप्रियनला हाक जायची. मग हा वसईचा कॅथलिक माणूस हॉलच्या दारात उभा राहून "प्रसादाची रांग डावीकडून!" असं गर्जायचा. त्याच्या घरी महिन्यातून एकदा मराठी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची, तिथेही पुढे तोच. गोल्फमध्ये चेंडू भलतीकडे गेला की "फोर!" असं ओरडून लोकांना सावध करतात. त्याचं "फोर" ऐकून रस्त्यावरच्या गाड्या थांबतात, असं त्याचे कारखान्यातले मित्र सांगत.

गोल्फ त्याला त्या मित्रांनीच शिकवला. आपल्याकडे हा साहेबांचा खेळ. इथे फिटर, ड्रायव्हर, प्लंबर सगळे खेळतात. मला मात्र त्यात कधी राम दिसला नाही. आपणच चेंडू लांब भिरकवायचा आणि आपणच उन्हातान्हात तो शोधत हिंडायचं, याला खेळ म्हणतात की शिक्षा? मी असं म्हटलं की सिप्रियन खो खो हसायचा आणि खिशातून क्रूझचं माहितीपत्रक काढायचा.

"लिंक्स म्हणजे काय माहितीय? आपल्या अर्नाळ्याची पुळण बघ. झाड नाही, झुडूप नाही, नुसती वाळू आणि गवत. त्यावर गोल्फ. चेंडू तू मारायचास, कुठे न्यायचा ते वारा ठरवणार."

ही सहल सिडनीच्या एका कॅथलिक क्लबनं काढली होती, म्हणून जहाजावर एक धर्मगुरूही असणार होते, फादर अ‍ॅरन लोपीस. सिप्रियननं बुकिंग केलं ते टास्मानियासाठी नाही आणि लिंक्ससाठीही नाही. लोपीस म्हणजे आपल्या वसईचे फादर, ते आठ-दहा दिवस एकाच जहाजावर भेटतील, म्हणून केलं. हे मला फार उशिरा कळलं.

मार्चच्या मध्यावर कोरोनामुळे सरकारनं क्रूझ जहाजांना बंदी घातली आणि सहल रद्द झाली. पुढे एप्रिलमध्ये एक भलंमोठं जहाज खरंच पोर्ट केम्बलाच्या धक्क्याला येऊन लागलं, पण आजारी खलाशी घेऊन. सिप्रियन टेकडीवर उभा राहून ते बघत होता. "आपल्याकडचं कोणी असेल का गं त्यात?" असं त्यानं डेझीला विचारलं, आणि ते तिला नीट ऐकूच आलं नाही. ख्रिसमसपासून बसलेला त्याचा आवाज अजून सुटला नव्हता. इतके दिवस सगळ्यांनी, मीसुद्धा, "गा अजून!" म्हणून त्याची थट्टाच केली होती.

मी मूळची पुण्याची, सुनीती, इथल्या हॉस्पिटलांत मराठी आणि हिंदीची दुभाषी. डॉक्टर इंग्रजीत बोलतात ते मी पेशंटला मराठीत सांगते, पेशंट बोलतो ते डॉक्टरला इंग्रजीत. कोरोनात हे सगळं फोनवर आलं. मे महिन्यात एका सकाळी फोन जोडला गेला आणि पलीकडे पेशंट होता सिप्रियन. कारखान्यापुरतं इंग्रजी त्याला येत होतं, डॉक्टरांचं नाही. ओळखीचा माणूस असला तर आम्ही तसं सांगून बाजूला होतो. मी तसं सांगितलं. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "राहू दे गं, तूच सांग." स्वरयंत्राचा कॅन्सर, पसरलेला, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. पुढेमागे एक झडप बसवून थोडंफार बोलता येईल, पण येईलच असं नाही, आणि तो आवाज आताचा नसेल. हे सगळं सिप्रियनला माझ्या तोंडून कळलं. मी एक शब्द गाळला नाही आणि एक जास्तीचा घातला नाही. फोन ठेवल्यावर मात्र मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले.

दोन-तीन दिवसांनी तो आमच्या ड्राइव्हवेत येऊन उभा राहिला. घरात यायचं नव्हतं, मी दारात, तो गाडीपाशी.

"खाई त्याला खवखवे, सुनीती," तो म्हणाला. आवाज आता कुजबुजीएवढाच होता. "म्हातारी माणसं उगाच नाही म्हणत. माझ्या घशाला झालं तेही उगाच नाही. एका बाईचा तळतळाट आहे माझ्यावर."

मी चिडले. तळतळाटानं कॅन्सर होत नाही, तो होतो सिगारेटनं आणि कारखान्यातल्या धुरानं, असं बरंच काही सुनावलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"होत नसेल. पण ऑपरेशनच्या आधी मला ते बोलायचंय. फादरपुढे, माझ्या तोंडानं. नंतर कुठून बोलू? आणि इंग्रजीत नाही."

"का? इंग्रजीत इतकी वर्षं कन्फेशन करतोस ना?"

"करतो. रागावलो, खोटं बोललो, रविवारची मिसा चुकवली. हेही एकदा सांगून बघितलं. इंग्रजीत ते एवढंसं होतं गं. फादर म्हणाले, नो वरीज, तीन हेल मेरी म्हण. घरी आलो, जेवलो, आणि झोप नाही. मी काही सांगितलंच नव्हतं. नुसतं इंग्रजी बोलून आलो होतो."

म्हणून त्याला वसईचे फादर हवे होते. जहाजावरच्या आठ-दहा दिवसांत कधीतरी बोलायचा धीर होईल, असं त्याला वाटलं होतं. जहाज गेलं तरी फादर लोपीस वॉलॉंगॉंगजवळच राहत होते. आदल्या दिवशी सिप्रियननं त्यांना फोन केला आणि ओळखबिळख न देता मराठीत मन मोकळं करायला सुरुवात केली. शेवटी फादर इंग्रजीत म्हणाले, "सॉरी अंकल, मला मराठी येत नाही. मी इथलाच, टूवूंबाचा."

म्हणजे झालं होतं असं. फादरांचं घराणं गोव्याचं, आजोबा नैरोबीला गेलेले, वडील तिथून ऑस्ट्रेलियात. ख्रिसमसला आमच्याकडच्या मराठी मिसेला ते आले, रोमन लिपीत लिहून आणलेलं मराठी गाणं म्हणाले, "हो, हो, बरं, बरं" असं सगळ्यांशी बोलले, आणि लोपीस आडनाव ऐकून वसईकरांनी त्यांना गाव, वाडी, विहीर सगळं देऊन टाकलं. मी हसायला नको होतं, पण हसले. आम्ही पुण्याचे तरी वेगळं काय करतो? आडनाव ऐकलं की कूळ ठरवून मोकळे.

मराठी येणारे एक फादर पर्थला होते, पण तिकडची सरहद्द बंद. वसईचे फादर फोनवर मिळाले असते, पण फोनवर कन्फेशन चालत नाही, माणूस समोर लागतो.

"तू लोकांचं बोलतेस ना," सिप्रियन म्हणाला, "तसं माझं बोलशील?"

मी नाही म्हटलं. मी देव मानत नाही, पाप मानत नाही, माझा काय संबंध? त्याच संध्याकाळी फादर अ‍ॅरनचा फोन आला. चर्चच्या कायद्यात कन्फेशनला दुभाषी चालतो, फक्त ऐकलेलं त्यानं कधीच, कुणालाच सांगायचं नाही. "मी मानत नाही यातलं काही," मी त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मानायची गरज नाही. पोटात ठेवायची गरज आहे." पोटात ठेवण्यावरच माझं पोट चालतं. मी हो म्हटलं.

चर्चमधल्या कन्फेशनच्या बंद खोल्यांना तेव्हा कुलूप होतं. फादर गोल्फ खेळत, आणि मैदानं उघडी होती. क्रूझवर जे व्हायचं ते आपल्याच किनाऱ्यावर होऊ दे, असं त्यांनी सुचवलं. अशा रीतीनं मे महिन्याच्या अखेरीला, आयुष्यात पहिल्यांदा, मी गोल्फच्या मैदानावर पाऊल ठेवलं.

मैदान समुद्राला लागूनच होतं. दक्षिणेकडून गार वारा असा येत होता की डोळ्यांतून पाणी. कोरोनामुळे भोकात रोवलेल्या झेंड्याला हात लावायचा नव्हता, आणि चेंडू काढायला कुणी भोकात हात घालू नये म्हणून भोकात फोमची कडी बसवली होती. चेंडू कडीला लागला की आत गेला असं समजायचं. सिप्रियन आणि फादर खेळत होते, मी ट्रॉली ओढत अंतर राखून मागे. एक होल झालं, दोन झाली, चार झाली. सिप्रियन गोल्फशिवाय चकार शब्द बोलेना. आणि खेळत तर असा होता की फादर तोंडात बोट घालत होते. मी आतून धुमसत होते. याला बोलायचंय की नाही? आवाज रोज उणा होतोय, ऑपरेशनची तारीख ठरलीय, आणि हा वाऱ्याचा अंदाज घेतोय! एकदा त्यानं तोंड उघडलं, काहीतरी म्हणालाही, पण तो आवाज वाऱ्यानं उचलून नेला. मी हातानंच ऐकू आलं नाही म्हणून खुणावलं. त्याचा चेहरा बघवेना. ज्याला माइक लागायचा नाही, त्या माणसाचं बोलणं चार पावलांवर ऐकू जात नव्हतं.

मग त्याचा चेंडू बंकरमध्ये गेला. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. हा पुरुषभर खोल होता. सिप्रियन उतरला आणि वर येईना. मी काठावर गेले तर तो खालून हात करत होता. मी घसरत उतरले आणि जाणवलं, खाली वाराच नव्हता. समुद्राचा आवाज वरून जात होता, खड्ड्यात शांत.

"इथे," तो म्हणाला, आणि ते मला स्वच्छ ऐकू आलं.

फादर खाली आले. त्यांनी गोल्फच्या बॅगेतून कन्फेशनच्या वेळी घालायची जांभळी पट्टी काढून गळ्यात घातली आणि समुद्राकडे तोंड करून वाळूत बसले. सिप्रियननं गुडघे टेकले. मी दोघांच्या मध्ये.

सुरू करण्याआधी मी फादरांना सांगितलं, की त्यानं माझ्या दारात एक शब्द वापरलाय, तळतळाट, तो इथेही आला तर त्याला इंग्रजीत शब्द नाही. शाप तोंडानं देतात. हा देत नाहीत, हा दुखावलेल्या माणसाच्या जिवातून नुसता उठतो, त्याच्या मनात नसतानासुद्धा. फादर म्हणाले, "मग भाषांतर करू नका. तो शब्द तसाच म्हणा."

सिप्रियन जे बोलला ते इथे येणार नाही. वाचणाऱ्यानं रागावू नये. मी शब्द दिलाय, आणि ज्या देवाला मी मानत नाही त्याच्यासमोर दिलेला असला तरी तो माझा शब्द आहे. कसं बोलला तेवढं सांगते. एकेका वाक्याला श्वास पुरवत, थांबत, पण एकही वाक्य अर्धं न सोडता. आमच्या कामात "तो म्हणतो की" असं म्हणायचं नसतं. पेशंट "मी" म्हणाला की आम्हीही "मी"च म्हणायचं. दुसऱ्यांच्या वतीनं "माझ्या छातीत दुखतंय" असं मी हजारदा म्हटलं असेन, मला कधी दुखलं नाही. त्या खड्ड्यात दुखलं. त्याचं सगळं पाप मी "आय, आय" करत माझ्या तोंडानं सांगितलं, आणि शेवटी फादर जे म्हणाले तेही मीच मराठीत सांगितलं, की मी तुला तुझ्या पापांतून मुक्त करतो. सिप्रियन माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मग तो उठला, चेंडू बंकरमधून बाहेर मारला, आणि वाळू सारखी करायची दाताळी कोरोनामुळे काढून ठेवलेली म्हणून गुडघ्यांचे ठसे पायानंच बुजवले.

"क्रूझ रद्द झाली ते बरंच झालं," गाडीपाशी तो म्हणाला. "डेझीला बोट लागते."

जूनमध्ये ऑपरेशन झालं. त्यानंतर काही दिवसांनी वॉर्डमधून मला फोन आला. पेशंटला बायकोला काहीतरी सांगायचंय, नुसते ओठ हलवतोय, लिहायला पाटी दिली तर बाजूला सारतोय, तुमची भाषा दिसते, येता का?

डेझी वॉर्डच्या बाहेर बाकावर बसली होती. आत नर्स त्याची नळी साफ करत होती. मास्कवरून डेझीचे फक्त डोळे दिसत होते. त्यांची मुलगी वेंडी मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत; तिकडे पुन्हा केसेस वाढू लागल्या होत्या म्हणून तिला येता आलं नव्हतं. डेझी एकटीच होती.

"तू गोल्फला गेली होतीस म्हणे," ती म्हणाली. "तुला तर गोल्फ आवडत नाही."

मी गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी सारखी करू लागले.

"मी तुला विचारत नाहीये. मी माझं सांगते." तिनं आवाज खाली घेतला. "वेंडीच्या वेळी मला सातवा होता. मला इथे अजिबात करमायचं नाही. रोज रडायचे, आईकडे जाते म्हणायचे. आणि वसईला आईनं अंथरूण धरलं. भावानं फोन केला, ती थोड्या दिवसांची आहे, डेझीला पाठव. मी कामावर होते, फोन यानं घेतला. हो म्हणाला, आणि मला सांगितलंच नाही. घाबरला असेल. मी गेले तर परत येणार नाही असं वाटलं असेल. आईची माती झाल्यावर मला म्हणाला, अचानक गेली. तिचा जीव माझ्यासाठी अडकला होता म्हणे, शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. पुढे वसईला गेले तेव्हा वहिनीनं सगळं सांगितलं."

"आणि तू याला कधी..."

"नाही. त्यानं सांगावं म्हणून थांबले. आज सांगेल, उद्या सांगेल. सगळ्या जगाला ओरडून सांगणारा माणूस, मला एवढं सांगेना." ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि आता बघ. तुला सांगितलं असेल, त्या फादरला सांगितलं असेल. मी राहिले."

हे डेझीचं सांगणं आहे, तिच्या परवानगीनं लिहिलंय. बंकरमध्ये तो हेच बोलला की दुसरंच काही, ते मला विचारू नका. तिलाही मी सांगितलं नाही. मी फक्त चेहरा कोरा ठेवून बसले, आणि त्या क्षणी मला माझ्या कामाची, माझ्या शब्दाची, सगळ्याची शिसारी आली. या बाईला नुसती मान हलवून सांगावं असं फार वाटलं. मान हलवली नाही.

नर्सनं आत बोलावलं. सिप्रियन उशीला टेकून बसला होता, मानेत भोक, नाकात नळी. खूप बारीक झाला होता. डेझीला बघताच त्याचे ओठ हलू लागले. आवाज काहीच नाही, नुसती भोकातून हवेची सुरसुर. त्यानं एक वाक्य संपवलं, दुसरं सुरू केलं. डेझीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय म्हणतोय तो, सुनीती?"

मी सवयीनं वाकले. त्याच्या ओठांकडे बघितलं, आणि सवयीनंच सुरुवात केली, "मी..."

डेझीनं माझा हात धरला.

"तू नको," ती म्हणाली. "तू गप्प राहा. त्याला सांगू दे."

मी मागे झाले आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. काचेत दिसलं, तिनं स्वतःचा मास्क खाली ओढला होता, नियम असताना, आणि तोंड त्याच्या तोंडापाशी नेलं होतं. "हळू," ती म्हणाली. "पहिल्यापासून बोल."

त्यानं पहिल्यापासून सुरू केलं. बराच वेळ नुसती ती सुरसुर चालली होती. मग डेझीचा आवाज आला.

"हो," ती म्हणाली, "तेव्हा मी कामावर होते. पुढे सांग."